मेसेज येईपर्यंत अळी बोंडात! सल्ला बरोबर, मग गाडं अडतं कुठं?

पोळा झाला की कपाशीला पात्या-फुलं धरतात आणि मोबाईलवर गुलाबी बोंडअळीचे मेसेज सुरू होतात. मागच्या हंगामात मलाही आला. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण त्याच दिवशी वावरात चार बोंडं फोडून पाहिली, तर दोघांत अळी आत जाऊन बसलेली. आता वरून कितीही फवारा, तिला काय फरक पडते?

आपल्या वऱ्हाडात घरोघरी हीच तक्रार आहे. म्हणून हे मेसेज येतात कसे आणि उशीर कुठं होतो, हे जरा उकलून पाहू.

मेसेजमागचं डोकं

२००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन फस्त केलं. त्यातून २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' हा कीड सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. गावातल्या निवडक शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे संगणकात भरायचे, ते ठरलेल्या पातळीच्या वर गेले की कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सल्ला द्यायचा, असं हे काम.

यामागचा विचार जुना आहे. जाणकार माणसाचं ज्ञान 'असं दिसलं तर तसं करा' अशा नियमांत बसवून संगणकाला द्यायचं. याला तज्ज्ञ प्रणाली म्हणतात. अमेरिकेत १९८० च्या दशकातच कपाशीसाठी 'कोमॅक्स' नावाची अशी प्रणाली निघाली होती. हवामान आणि पिकाची स्थिती पाहून पाणी कधी द्यायचं, नत्र किती द्यायचं, हे ती सांगायची.

बोंडअळीचा आपल्याकडचा नियमही साधा आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा दर शंभरात १० फुलं वा हिरवी बोंडं किडकी निघाली, की नुकसानीची पातळी ओलांडली समजायची.

मोटारीचं उदाहरण घ्या

विहिरीवरच्या मोटारीला आपण सिंगल फेज प्रिव्हेंटर लावतो. एक फेज गेला की तो तिथल्या तिथं मोटार बंद करते. पाहणारा तोच, ठरवणारा तोच, बटन दाबणाराही तोच. त्यानं "तुमचा फेज गेला होता" हे चार दिवसांनी सांगितलं असतं, तर वाइंडिंग जळून राख!

बोंडअळीत नेमकं हेच होते. मोजते एक, ठरवते दुसरा आणि फवारते तिसरा, म्हणजे आपण. सोमवारी पतंग वाढले, बुधवारी मोजणी झाली, शुक्रवारी मेसेज आला, शनिवार-रविवार पाऊस, सोमवारी मजूर नाही, असं धरा. झाला आठवडा. इकडे अंडी चार-पाच दिवसांत फुटतात आणि अळी लगेच बोंडात शिरते. नियम खरा असून वेळ गेली.

आणखी एक गोष्ट. मोजणी निवडक शेतांत होते. तिथलं वावर वेगळं, माझं वेगळं. पेरणीची तारीख वेगळी, वाणही वेगळं.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं यावर कॅमेऱ्याचा सापळा काढला आहे. तो पतंगांचे फोटो घेते, ओळखून मोजते आणि आकडा मोबाईलवर पाठवते. मोजणीतला उशीर त्यानं जाईल. पण मजूर, पंप आणि पावसाची उघडीप तो आणून देणार नाही.

तोवर काय करायचं?

चूक माझीही आहे, ती लपवत नाही. सापळे मी लावले होते, पण मोजले नाहीत. बांधावरून पाहून घरी आलो.

एकरी दोन सापळे, पिकाच्या थोडे वर. रोज सकाळी पतंग मोजून वहीत मांडा आणि काढून टाका. ल्युअर तीन-चार आठवड्यांनी बदला. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा. आठवड्यातून एकदा एकरात फिरून २० हिरवी बोंडं तोडा, भुईमुगाच्या शेंगेसारखी फोडून पाहा. दोन किडकी निघाली, तर दहा टक्के झाले. मग मेसेजची वाट न पाहता कृषी सहायकाला फोन करा आणि शिफारशीचंच औषध घ्या.

हा नियम 'फवारा' म्हणते, तसा 'फवारू नका' असंही म्हणते. तेही तितकंच मोलाचं आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलो नाही. जो फवारा वाचला, त्याचा पैसा वाचला आणि पाठीवर पंप घेणाऱ्याचा धोकाही टळला.

आणि कृषी विभागाकडे एकच मागणी. ज्या दिवशी गावात मोजणी झाली, त्याच दिवशी तिचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. सल्ला दोन दिवसांनी आला तरी चालेल, आकडा आजचा आज द्या. पुढचं आम्ही पाहून घेऊ.