'घाटी' कोणाला म्हणता?

लडाखला जाऊन आलेला मराठी माणूस पुढचे पंधरा दिवस "खारदुंग ला पास, खारदुंग ला पास" करत असतो. 'ला' म्हणजेच तिकडच्या भाषेत खिंड. म्हणजे हा गृहस्थ 'खारदुंग खिंड खिंड' करून आला आणि जिच्या नावाने मिरवतो ती भाषा कुठली, हे विचारायचेही त्याला सुचले नाही. फोटो मात्र असतो. पाटीखाली, हेल्मेट काखेत, दोन बोटे वर. त्या पाटीवर कित्येक वर्षे १८,३८० फूट असे लिहिलेले होते. नीट मोजल्यावर खिंड निघाली ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. वरचे आठशे फूट पाटीनेच चढून दिले! मग उमलिंग ला आली, १९,०२४ फूट. लगेच मंडळी तिकडे पळाली.

ज्यांची पोरे युरोपात आहेत (आणि आमच्या गोव्यात अशी घरे वाड्यावाड्यावर आहेत) त्यांची मजल आता आल्प्सपर्यंत गेली आहे. स्टेल्व्हियो, गालिबिये, गोटहार्ड अशी नावे आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी ऐकू येतात. मी साधा कारकून, कला शाखेचा पदवीधर. हाताखालून जातात त्या फायली. पण सायकल मारतो, गुडघे साथ देतात तोवर मारणार, आणि घाट दिसला की जीव वेडा होतो. तेव्हा घाट चढण्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती घाट फुटांनी मोजण्याला.

घाट म्हणजे डोंगर नव्हे, डोंगरातून जाणारी वाट. सह्याद्रीतल्या या वाटांचे नाव परक्यांनी अख्ख्या डोंगराला देऊन टाकले आणि 'पश्चिम घाट' झाला. इकडचे मीठ वर गेले, वरचे धान्य खाली आले, ते बैलांच्या पाठीवरून रामघाट, केळघाट असल्या वाटांनी. सत्तरीतल्या जुन्या माणसांना ह्या वाटा पायाखालच्या होत्या. आणि आपण काय केले? त्या वाटांनी येणाऱ्या माणसाला 'घाटी' म्हणू लागलो, तेही शिवी दिल्यासारखे. ज्या वाटेने आपली भाषा, आपले देव, आपल्या सोयरिकी आल्या-गेल्या, तिच्यावरूनच शिवी! असो, ह्यावर लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

स्टेल्व्हियोचेच घ्या. उंची २,७५७ मीटर, एका बाजूला ४८ वळणे. हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी नावाच्या अभियंत्याने ऑस्ट्रियाच्या साम्राज्यासाठी बांधला. फोटोवाल्यांना वळणे माहीत असतात. वळणांच्या खालच्या गावांत लोक जर्मन बोलतात आणि तरी तो मुलूख इटलीत आहे, हे किती जणांनी पाहिले? पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहाने, दक्षिण टायरोल इटलीला मिळाला. मुसोलिनीच्या राजवटीत गावांची नावे बदलली, शाळांतून जर्मन हाकलली. लोक चिवट निघाले. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर तिथल्या पाट्या दोन भाषांत आहेत, शाळा आहेत, सरकारी कामकाज आहे. एकाच खिंडीला दोन नावे, पासो देल्लो स्टेल्व्हियो आणि श्टिल्फ्सर योख, आणि दोन्ही वापरात. आमचा पोरगा त्या मुलखात फोटो काढतो तो ४८ व्या वळणाचा.

आता मी ज्या घाटांकडे येणार आहे तिथे फोटोला पाटीसुद्धा मिळणार नाही. नागपूरहून उत्तरेला निघालात की सावनेरला फाटा फुटतो. एक रस्ता सौंसरवरून छिंदवाड्याला, दुसरा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलला. दोन्ही मध्य प्रदेशात शिरतात आणि दोन्ही सातपुडा चढतात. सौंसरच्या पुढे कन्हान ओलांडायची आणि सिल्लेवानीचा घाट चढून उमरानाल्याकडे जायचे. छिंदवाडा सुमारे ६७५ मीटरवर. पांढुर्णा पावणेपाचशे मीटरच्या आसपास, मुलताई साडेसातशेच्या. म्हणजे चढ जेमतेम पावणेतीनशे मीटरचा. खारदुंग ला पास, मुलताई नापास!

पण मुलताईला तापी उगम पावते, ती पश्चिमेला सुरतेकडे जाते. तिथून जवळच वर्धा उगम पावते आणि गोदावरीवाटे पूर्वेच्या समुद्राला मिळते. पावसाचा थेंब इकडे पडला तर अरबी समुद्र, तिकडे पडला तर बंगालचा उपसागर. ह्याला खिंड नाही म्हणायचे तर कशाला? आगगाडीला विचारा. तीगाव ते चिचोंडा ह्या घाटात मालगाड्यांना जादा इंजिन लागते. सौंसरच्या बाजूला बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली अरुंद रुळांची गाडी होती, ती २०१५ त बंद झाली आणि तिच्या जागी मोठे रूळ आले.

ह्या वाटांनी कोण उतरले तेही ऐका. छिंदवाड्याजवळच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह सातपुड्यातून खाली आला आणि १७०२ च्या सुमारास त्याने नागपूर वसवले. संत्र्याच्या, संघाच्या, अधिवेशनांच्या नागपूरचा पाया घाटावरच्या माणसाने घातला आहे. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यावर रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य घेतले आणि सत्ता त्याच घाटांनी उलटी वर चढली. आज घाटाच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा आहेत, कापूस आहे, पोळा आहे, आणि बहुतेक घरांत मराठी आहे.

मोटारीतून हे कळत नाही. चौपदरी रस्त्याने घाट इतका गुळगुळीत करून टाकला आहे की काच वर केलेल्या माणसाला तो लागतच नाही. सायकलवर लागतो. काळी जमीन मागे पडते, मुरूम सुरू होतो, साग दिसू लागतो. मी सिल्लेवानीच्या घाटात काही टप्पा सायकल हातात धरून चाललो, ते दमलो म्हणूनही आणि ऐकायचे होते म्हणूनही. खाली "कुठं चालले जी?" विचारणारी माणसे, वर उमरानाल्याकडे हिंदीचा जोर. एका वळणावर रेघ मारल्यासारखे काही होत नाही. एकच दुकानदार एका वाक्यात दोन्हींकडे जाऊन येतो. बैतूलच्या बाजूला पवारी म्हणा, भोयरी म्हणा, तिचा आणखी वेगळा रंग.

घाटाखालच्या चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांनी गाव विचारले. गोवा म्हटल्यावर ते थांबलेच. "गोव्याचे? मंग मराठी कशी काय बोलता जी?" मी म्हटले, "बाबा, तुम्ही मध्य प्रदेशचे, तुम्ही कशी बोलता?" "आमची तं घरचीच हाय." म्हटले, "आमचीपण." मग त्यांनी चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत.

त्यांचा प्रश्न मला झोंबला नाही, कारण तो प्रेमाने होता. पुण्या-मुंबईचे लोक हाच प्रश्न गोमंतकीयाला करतात तेव्हा आपण पेटून उठतो की नाही? 'आमच्या देवळांतली कीर्तने, आमची नाटके, आमची वर्तमानपत्रे बघा' म्हणून यादी वाचतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला दिलेल्या जागेवरून आपण किती शाई सांडली! मग पांढुर्णा-सौंसरचे नाव त्या वादात एकदाही का आले नाही? नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा सौंसरसकट नव्या मध्य प्रदेशात राहिला. रेघ जिल्ह्याची होती, भाषेची नव्हती. त्याच वर्षी घटनेत अनुच्छेद ३५०-क आला, अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी म्हणून. कागद उत्तम आहे. मी कागदातला माणूस आहे, कागदाची किंमत मला कळते, आणि तो नुसता फायलीत राहिला की काय होते तेही कळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. मराठी घरांचा असा अख्खा जिल्हा महाराष्ट्राबाहेर झाला आणि आपल्याकडे त्याची बातमी किती ओळींची होती?

पांढुर्ण्याचे नाव आपल्या कानावर वर्षातून एकदा पडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात ती गोटमार, आणि किती जखमी झाले तो आकडा. त्या प्रथेत माणसे मेली आहेत, तिचे कौतुक मला सांगायचे नाही. पण उरलेले ३६४ दिवसही तिथे लोक राहतात.

एक मित्र म्हणाला, "पण तिकडे बघायला आहे काय?" ह्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, वेळापत्रक देतो. नोव्हेंबर ते जानेवारी, उन्हाचा ताप नाही आणि संत्री झाडावर. नागपूरपर्यंत रेल्वे, सायकल तिकडेच भाड्याने किंवा ओळखीत. पहाटे निघून सावनेर, दुपारी सौंसर, जवळच जामसावळीला पहुडलेला मारुती बघा. दुसऱ्या दिवशी सिल्लेवानीचा घाट, ट्रकांकडे लक्ष ठेवून. परत येऊन पांढुर्णा आणि मुलताईची चढण, वर तापीच्या कुंडावर पाय सोडून बसा. टपरीवर मराठीतच बोला. आणि तिकडे सिल्लेवानीला लोक 'घाटी' म्हणतात, कोणी "घाटी चढून आलात का?" असे विचारले तर रागावू नका.