कंपनी शेतकऱ्यांची, कायदा मात्र कंपनीचाच

विकास सोसायटीत गटसचिव दप्तर सांभाळतो. उत्पादक कंपनीत गटसचिव नसतो. सोयाबीनचं एक पोतं खरेदी केलं नसलं, तरी दरवर्षी लेखापरीक्षण, वार्षिक सभा सुटत नाही. ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे भरावंच लागतं. मुदत चुकली की २०१८ पासून प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये! आणि काही चेअरमन सांगतात, सीएची फी वाचवली.

सलग तीन वर्षे थकली, तर त्या संचालकांची पाच वर्षे कोणत्याही कंपनीत नव्याने नेमणूक होत नाही. सप्टेंबरअखेरच्या सभेत गेल्या वर्षीची पावती मागाच.