लेथ रिकंडिशन करतो, मग कॉम्प्युटरच भंगारात का?

पोस्ट लांब झालीय. पण भोसरी, पिंपरी, चाकण पट्ट्यात ज्यांचं वर्कशॉप आहे किंवा जे अशा वर्कशॉपचं ऑफिस सांभाळतात, त्यांनी वाचावी. पैशाचा विषय आहे.

आमचं भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं युनिट आहे. सहा मशिन, वीस-बावीस माणसं, माल चाकणला जातो. मध्यंतरी ज्यांना माल देतो त्यांच्याकडून सप्लायर ऑडिटला दोघे आले. त्यांनी पॉइंट काढला की तुमचे कॉम्प्युटर विंडोज 10 वर आहेत, त्याचा सपोर्ट संपलाय, दोन महिन्यांत दुरुस्त करून कळवा. पॉइंट खरा होता, वाद घालायला जागाच नव्हती. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला हे जगाला माहीत होतं. आम्हीच झोपलो होतो.

मग डीलरला बोलावलं. तो आला, दारात उभा राहून आठ कॉम्प्युटर मोजले, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी कोटेशन. आठ नवे सेट, मॉनिटर-कीबोर्ड-माउससकट, 18 टक्के जीएसटी धरून पाच लाखांच्या वर. जुने आठ परत घेणार, नगाला आठशे रुपये. "साहेब, यात आता काही राहिलं नाही," असं फोनवर म्हणाला. एकाही कॅबिनेटचा स्क्रू त्याने उघडला नव्हता. काही राहिलं नाही हे त्याला कळलं कसं?

माझा राग त्या एका डीलरवर नाही, आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर आहे. ह्या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षांची मशिन आपण फेकतो का? जुनी एचएमटीची लेथ मिळाली तर लोक आजही घ्यायला धावतात. स्लाइडवे ग्राइंड करतात, स्क्रॅपिंग करतात, बेअरिंग बदलतात आणि तीच लेथ पुन्हा शिफ्टला लावतात. जुन्या व्हीएमसीचं रेट्रोफिट करतात, म्हणजे बेड आणि कॉलमचं कास्टिंग तेच, त्यावर नवा बॉलस्क्रू, नवे सर्व्हो, नवा कंट्रोल. कास्टिंग जितकं मुरलेलं तितकं चांगलं, हे इथल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा. काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे ठरवण्यावरच आपली रोजीरोटी चालते. पण टेबलावरच्या डब्याची गोष्ट आली की हेच आपण म्हणतो, "पूर्ण सेट टाका."

हिशेबाच्या वह्याही तसंच शिकवतात. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात साध्या प्लँट-मशिनरीचं आयुष्य 15 वर्षं धरलंय आणि डेस्कटॉपचं 3. आयकरात कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा. पाच वर्षांत शंभर रुपयांचा कॉम्प्युटर वहीत आठ रुपयांचा होतो. सीएची वही ही करासाठी असते हो, तिच्यावरून मशीन मेलं की जिवंत हे ठरत नाही.

आता वरची मंडळी. विंडोज 11 ला मायक्रोसॉफ्टने टीपीएम 2.0 आणि ठरावीक प्रोसेसरची यादी लावली. इंटेलचा साधारण आठव्या पिढीच्या पुढचा, म्हणजे 2017 च्या अखेरीनंतरचाच चालेल. आमच्याकडे सहाव्या पिढीचे दोन ब्रँडेड डेस्कटॉप आहेत. त्यांच्यात टीपीएम 2.0 आहे, बायोसमध्ये बंद पडून होतं, आम्ही चालू केलं. तरी नाही, कारण प्रोसेसरचं नाव यादीत नाही. बरं, मग प्रोसेसर तेवढा बदलू? तेही नाही. सहावी, सातवी आणि आठवी पिढी, तिन्हींच्या सॉकेटला पिना 1151 च, पण इंटेलने आठव्या पिढीला नवा बोर्ड सक्तीचा केला. याउलट एएमडीने 2017 च्या एएम4 बोर्डांना बायोस अपडेट देऊन 2020 चे प्रोसेसर चालू दिले. म्हणजे ठरवलं तर जमतं. आमच्या कॅडच्या कॉम्प्युटरवर 2018 सालचा एएम4 बोर्ड निघाला. बायोस अपडेट केला, फक्त प्रोसेसर बदलला, बाकी कॅबिनेट, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी सगळं जुनंच. विंडोज 11 बसलं. डीलरच्या यादीत हाही आठशे रुपयांत होता!

बाकीचे आम्ही रविवारी शॉप बंद असताना एकेक उघडले. माझा भाचा आणि आमचा मेंटेनन्सवाला, दोघांनी मिळून. तीन अकाउंट आणि डिस्पॅचचे, चौथ्या पिढीचे, असेंबल केलेले. त्यांचा बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलावेच लागले, कारण डीडीआर3 ची रॅम नव्या बोर्डात बसत नाही. पण कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड आणि तीन वर्षांपूर्वी टाकलेल्या एसएसडी तशाच राहिल्या. एसएमपीएस मात्र तिन्ही नवे घेतले. जुन्या स्वस्तातल्या एसएमपीएसचे कपॅसिटर फुगलेले असतात, आणि तिथे वाचवलेले दोन-तीन हजार पुढे बोर्ड घेऊन जातात. प्रत्येक जुनी वस्तू वाचवा असं मी म्हणतच नाहीये, उघडून बघा म्हणतोय.

ब्रँडेड दोघांनी मात्र पाणी पाजलं. त्यांच्या एसएमपीएसचा कनेक्टर वेगळा, बोर्डाचा आकार वेगळा, बाजारातला साधा बोर्ड आत बसतच नाही. पुढच्या वेळी सेट घेताना हे आधी विचारा, कारण खरी किंमत पाच वर्षांनी तिथे वसूल होते. त्यांच्यावर लिनक्स मिंट टाकलं. ड्रॉइंगचे पीडीएफ, मेल, ब्राउझर, इन्स्पेक्शन रिपोर्ट इतकंच काम तिथे आहे. क्वालिटीचा पोरगा आठवडाभर कुरकुरला, कारण एक्सेलचे दोन मॅक्रो चालेनात. एक आम्ही साध्या फॉर्म्युल्यांनी पुन्हा लिहिला, दुसरा अकाउंटच्या कॉम्प्युटरवर हलवला. टॅली आणि डिजिटल सहीचं डोंगल विंडोजवरच ठेवलं, तिथे प्रयोग नको.

राहिले दोन, शॉप फ्लोअरवरचे डीएनसीचे. जुन्या कंट्रोलला आरएस-232 च्या वायरने प्रोग्रॅम पाठवतात ते. नव्या डेस्कटॉपला बहुतेक वेळा तो पोर्टच नसतो, कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि अर्ध्यात प्रोग्रॅम तुटला तर जॉब जातो, कधी टूलही. ह्या दोघांना इंटरनेटची गरजच नाही. लॅनची वायर काढली, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकली, तिची एक इमेज कॉपी करून कपाटात ठेवली, पेन ड्राइव्ह एकच ठरवून दिला आणि यादीत "ऑफलाइन" लिहिलं. पेन ड्राइव्हची भीती मला आहे. 2010 चा स्टक्सनेट पेन ड्राइव्हवरूनच पसरला होता.

सगळं मिळून खर्च एक लाख साठ हजारांच्या आत. त्यात तीन विंडोजची लायसन्स आहेत, कारण डब्याबरोबर आलेलं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, बोर्ड बदलला की ते गेलं. हेही कोणी आधी सांगत नाही. रॅमही महाग पडली. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलल्यामुळे 2025 च्या शेवटापासून भाव चढलेत. म्हणून तर सरसकट आठ नवे सेट घेणं आणखीच वेडेपणाचं होतं.

काही जण म्हणतील, सिक्युरिटीचं काय? अगदी बरोबर. सपोर्ट संपलेल्या विंडोजवर बँकेचा आणि जीएसटीचा पासवर्ड टाकणं हा मूर्खपणा आहे, आणि "आमच्याकडे काय चोरणार" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ज्याला आज खर्च झेपत नाही त्याच्या घरच्या कॉम्प्युटरला मायक्रोसॉफ्टचे वाढीव अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, तेवढी मुदत तरी वापरा. पण सुरक्षित करा आणि नवा घ्या ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ऑडिटरने पहिलं लिहिलं होतं, डीलरने दुसरं वाचलं, आणि आम्ही जवळजवळ चेक फाडला होता.

आणि ते आठ डबे कुठे गेले असते? 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. पण त्यातला मोठा ग्राहक म्हणजे हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारा. आठ कॉम्प्युटरवाल्याच्या दारात येतो तो भंगारवालाच. फेब्रुवारी 2025 मध्ये पालिकेने कुदळवाडी-चिखलीत हजारो अनधिकृत बांधकामं पाडली, भंगाराची गोदामंही त्यात गेली. भंगार तयार व्हायचं त्याने थांबलं का? तांब्यासाठी वायरी जाळणं, बोर्ड ॲसिडमध्ये बुडवणं, हे कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये चालूच राहतं, आणि तिथली राख, तिथलं पाणी आपल्याच ओढ्या-नद्यांत येतं. पाडापाडीवर तावातावाने बोलणारे आपण, तिथे जाणारा माल आपल्याच ऑफिसातून निघतो हे विसरतो.

माझं मागणं फार नाही. चाकणच्या मोठ्या कंपन्यांनी ऑडिटच्या कागदावर "सपोर्ट असलेली सिस्टिम किंवा नेटवर्कपासून वेगळी" असं स्पष्ट लिहावं, म्हणजे छोट्या सप्लायरला कोणी घाबरवणार नाही. डीलरनी पार्टवार कोटेशन द्यावं, तपासणीची फी वेगळी लावा, आम्ही देऊ. आणि शाळा, पतसंस्था, सोसायट्यांनी कॉम्प्युटर राइट-ऑफ करताना वर्ष बघून शिक्का मारू नये, कॅबिनेट उघडून काय चालतं ते लिहावं.

आमचा पॉइंट गेल्या आठवड्यात बंद झाला. आठ ओळींची यादी आणि फोटो पाठवले होते, एक प्रश्न आला डीएनसीबद्दल, उत्तर दिलं. काढलेले तीन बोर्ड कपाटात आहेत. त्यातल्या दोघांवर कॉम पोर्ट आहे, ते डीएनसीचे स्पेअर. त्यांची डीडीआर3 रॅम डीएनसीच्या कॉम्प्युटरना टाकली, चालतेय. कोणाला ती यादी हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, नमुना पाठवतो. रविवारी प्रत्यक्ष बघायला आलात तरी चालेल, फक्त आधी कळवा, शॉपची किल्ली माझ्याकडे नसते.