वाटाड्याशिवाय पाऊल नको

बँकेच्या नोकरीत मी बत्तीस वर्षे लोकांना नियम दाखवले. म्हणूनच की काय, कुणी मला नियम दाखवला की मी चिडतो. जपानच्या इरिओमोते बेटावर नेमके हेच झाले. टोकियोत नोकरी करणाऱ्या मुलीने आम्हा उभयतांना हौसेने तिथे नेले आणि पहिल्याच संध्याकाळी सांगितले, "बाबा, उद्या धबधब्याला आपलं आपण जाता येणार नाही. परवाना असलेला स्थानिक गाईड लागतो. आणि दिवसाला दोनशेच माणसं सोडतात."

"म्हणजे डोंगर चढायलाही टोकन!" मी म्हटले.

इरिओमोते म्हणजे आपल्या डोळ्यांपुढचा जपान नव्हे. बुलेट ट्रेन नाही, बर्फाचे डोंगर नाहीत. ओकिनावा प्रांताच्या पार नैर्ऋत्येला, प्रांताच्या राजधानीपेक्षा तैवानला जवळ असलेले हे सुमारे 290 चौरस किलोमीटरचे दमट, हिरवेगार बेट. विमानतळ नाही, शेजारच्या इशिगाकीहून बोटीने यायचे. बहुतेक सारे जंगल, आणि बेटाला पुरता वळसाही न घालणारा एकच मोठा रस्ता. 2021 साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले आणि गर्दीच्या धास्तीने 2025 पासून हिनाई नदीसह पाच ठिकाणी गाईडची सक्ती व माणसांची मर्यादा आली.

आमचा गाईड पन्नाशीचा, मितभाषी. तो जपानीत बोले, मुलगी मराठीत सांगे. होडीतून आम्ही खारफुटीत शिरलो आणि मी माझा राग विसरलो. चिखलातून टुणकन उडणारे निवटे पाहून सौभाग्यवती ओरडलीच, "अगं, हे तर आपले निवटे!" कोकणात यांचे कालवण करतात हे कळल्यावर गाईड पहिल्यांदा मोकळेपणी हसला. डोक्यावर एक सर्पगरुड घिरट्या घालत होता. सह्याद्रीत दिसतो तोच पक्षी, फक्त चणीने लहान. पुढे पंचावन्न मीटर उंचीचा पिनाईसारा धबधबा. नावाचा अर्थ लोंबती दाढी. खरोखरच कुणा म्हाताऱ्याची पांढरी दाढी कड्यावरून सोडल्यासारखी दिसत होती.

या बेटाचे रानमांजर जगात दुसरीकडे कुठेही नाही. शास्त्रज्ञांच्या जगाला ते 1965 साली ठाऊक झाले. बेटावरचे लोक मात्र त्याला फार पूर्वीपासून 'यामापिकार्या', म्हणजे डोंगरात चमकणारे, म्हणत आले आहेत. आता जेमतेम शंभर उरली आहेत आणि त्यांतलीही गाड्यांखाली सापडतात. मी विचारले, "आम्हाला दाखवाल का?" गाईड म्हणाला, "कुठे येतं ते मला माहीत आहे. म्हणूनच दाखवणार नाही." पैसे घेऊन न दाखवणारा गाईड मी प्रथमच पाहत होतो. परतताना रिकाम्या रस्त्यावरही त्याच्या गाडीचा काटा चाळिसापुढे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी, कार्यक्रमात नसताना, तो आम्हाला दक्षिण टोकाच्या हाएमिदा किनाऱ्यावर घेऊन गेला. समोर क्षितिजावर हतेरुमा बेटाची पुसट रेघ होती. 1945 साली त्या बेटावर शिक्षक म्हणवत आलेल्या एका लष्करी माणसाने सगळ्या गावकऱ्यांना इरिओमोतेवर जाण्याचा हुकूम दिला. इथल्या रानात मलेरिया आहे हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांनी विरोध केला, पण ऐकतो कोण? गुरेढोरे मारायला लावून त्यांना इथे आणले गेले. सुमारे दीड हजार माणसांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मलेरियाने गेली. काही इथे, काही परत गेल्यावर. अमेरिकन सैन्य हतेरुमावर उतरलेच नाही. शिकिना नावाच्या मुख्याध्यापकांनी इशिगाकीला जाऊन लष्करी अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणे घातले, तेव्हा कुठे परतण्याची परवानगी मिळाली. निघताना त्यांनी किनाऱ्यावरच्या खडकात अक्षरे कोरली: विसरू नका, हतेरुमा, शिकिना.

गाईड काही बोलला. मुलीने मराठीत सांगायला वेळ लावला. "त्यांची आजी हतेरुमाची. तिची दोन भावंडं इथेच राहिली, म्हणतात."

माझे टोकनचे बोलणे मला तिथे आठवले. ज्यांना ही जमीन ठाऊक होती त्यांना न विचारता, बाहेरच्या माणसाने हुकूम सोडला होता. आज त्याच बेटावर, निदान पाच ठिकाणी, बाहेरच्याने स्थानिक माणसाशिवाय पाऊल टाकायचे नाही असा नियम आहे. मला तो पटला, आणि आपल्याकडेही हवासा वाटला. कासच्या फुलांसाठी आपण गर्दीला थोडा आवर घातला. पण कोकणच्या किनाऱ्यावर पाणी कुठे खेचते हे ज्या कोळ्याला कळते, त्याला आपण फार तर ताजी मासळी कुठे मिळेल ते विचारतो. 2016 साली मुरूडच्या समुद्रात सहलीची चौदा मुले गेली, त्यानंतरही आपण फारसे बदललेलो नाही. अशा सक्तीने भटकंती महाग होते, विद्यार्थी आणि तुटपुंज्या पेन्शनचे लोक बाहेर राहतात, हा आक्षेप खरा आहे. त्यांच्यासाठी सवलत ठेवावी. आणि परवाने गावातल्याच माणसांना मिळावेत, नाहीतर शहरातला ठेकेदार चार गाईड पगारावर ठेवून मोकळा होईल. एवढे बँकेतल्या अनुभवावरून सांगतो.

गाईडचे पैसे मुलीने भरले. रुपयांत किती झाले ते तिने सांगितले नाही, आणि सौभाग्यवतीने मला विचारू दिले नाही.