आग, बंब आणि बघे

‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण आपण आजवर सरकारी गैरकारभारास लावीत आलों. परंतु हल्लीं बंब नेमका रामेश्वरींच येतो आणि तरीहि गल्लीच्या तोंडाशीं खोळंबतो. कारण वाटेंत आपण उभे असतों, आणि प्रत्येकाचा फोन उंच धरलेला असतो. शेजाऱ्याचें घर जळत असतांना बंबवाल्यांचीं चित्रें टिपण्याची ही हौस निरुपद्रवी नाहीं. सुशिक्षितांनीं तर ती सर्वांआधीं सोडावयास हवी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या हौसेचे कैवारी लोकहिताची ढाल पुढें करितात. चित्र नसेल तर गलथानपणा झांकला जाईल, असें ते म्हणतात, आणि दाखला बोस्टन शहराचा देतात. दाखला खरा आहे. २२ जुलै १९७५ रोजीं तेथील मार्लबरो रस्त्यावरील एका घरास आग लागली. अग्निशामक दलाचा जवान एका तरुणीस व दोन वर्षांच्या मुलीस शिडीवर घेणार, तोंच इमारतीस बाहेरून लावलेला सुटकेचा लोखंडी जिना निखळला. दोघीहि खालीं कोसळल्या. तरुणी मरण पावली, मूल वांचलें. वृत्तपत्राचे छायाचित्रकार स्टॅन्ले फोरमन यांनीं टिपलेल्या या प्रसंगास १९७६ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. अशीं चित्रें छापावींत कीं नाहीं, यावर मोठा वाद माजला. परंतु असे जिने सुस्थितींत राखण्याविषयींचे कडक नियम त्यांच्यामुळें झाले, हें नाकारतां येत नाहीं.

पण एवढ्यानें बघ्यांचा पक्ष सिद्ध होतो काय? त्या चित्रांनीं दोष कोठें आहे तें दाखविलें. शिवाय देह जमिनीवर आदळण्यापूर्वीं आपण पाठ फिरविली, असें फोरमन यांनींच सांगितलें आहे. आमच्या गल्लींतील किती फोन त्या क्षणीं पाठ फिरवितील? जळत्या खिडकीसमोर स्वतःचें तोंड पुढें करून काढलेलें चित्र कोणता नियम सुधारतें? नेसत्या वस्त्रानिशीं रस्त्यावर आलेल्या गृहिणीची दैना घरोघरीं पोंचविल्यानें कोणाचा गलथानपणा उघडा पडतो?

दुसरी गोष्ट धोक्याची. ९ मे २०१५ रोजीं मुंबईंत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीस आग लागली, इमारत ढासळली, आणि अग्निशामक दलाचे चार अधिकारी प्राणांस मुकले. खुद्द दलाचे प्रमुख त्यांत होते. ज्यांचा जन्म आगीशीं झुंजण्यांत गेला त्यांनाहि जेथें घात झाला, तेथें फोनच्या कांचेंत डोळे खुपसलेल्या बघ्याचा काय पाड? त्याला मागें सारण्यांत एक जवान गुंतला, कीं पाण्याच्या नळावरचे दोन हात कमी झाले.

जर्मनीनें २०१७ सालीं मदतकार्यांत अडथळा आणणें हा गुन्हा ठरविला, आणि २०२१ पासून मृतांची विटंबना करणारीं चित्रें काढणेंहि दंडनीय केलें. तरीहि आम्ही चित्रणावर सरसकट बंदी मागत नाहीं. बंदीच्या आडोशानें अधिकाऱ्यांचे दोष लपतील, ही भीति खोटी नव्हे. वृत्तपत्रकारानें दोरीबाहेर उभें राहून आपलें काम अवश्य करावें. मात्र लोकहिताचा ज्यांना एवढा कळवळा, त्यांनीं अडगळीनें बुजलेला जिना, कुलूप घातलेली गच्ची, बंबाच्या वाटेवर लावलेल्या मोटारी यांचीं चित्रें काढावींत. तीं आग लागण्यापूर्वीं कोणत्याहि दिवशीं काढतां येतात. तीं कोणी काढीत नाहीं. कारण त्यांत ज्वाळा नाहींत, आणि पुष्कळदां मोटार आपलीच असते!

आगीच्या वेळीं करावयाचें काम थोडें आहे आणि साधें आहे. १०१ क्रमांकावर वर्दी द्यावी, आपलें वाहन काढून वाट मोकळी करावी, आंत कोण अडकलें आहे आणि गॅसचें सिलिंडर कोठें आहे तें जवानांस सांगावें, आणि बाजूस व्हावें. इतकें करून हात रिकामा राहिलाच, तर रस्त्यावर कुडकुडत उभ्या राहिलेल्या शेजारणीच्या खांद्यावर त्यानें एक चादर घालावी.