हिशेबाची वही : आधी ब्रेक, मग वेग



या सदरात आपण रेशनकार्डापासून प्रॉव्हिडंट फंडापर्यंत आणि शाळेच्या दाखल्यापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत बरेच विषय पाहिले. आजचा विषय जरा वेगळा आहे. पौड, पिरंगुट, भुगाव, माण या भागातल्या काही तरुणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे : "काका, जुनी गाडी घेतलीय. ट्रॅकवर नेऊन पळवायची आहे. काय काय करावं लागेल?"

हा प्रश्न वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणतो. ज्या घरात पहिली सायकल आली तो दिवस अजून सर्वांना आठवतो, त्या घरातला मुलगा मोटार पळवण्याची भाषा करतो, म्हणजे काळजी वाटणारच. पण नुसते रागावून भागणार नाही. पुण्याच्या परिसरात मोटारी तयार होतात त्या कोणाच्या हातांनी? पिंपरीच्या टेल्कोतून १९९८ साली इंडिका बाहेर पडली, तेव्हा तिच्या नटबोल्टांवर आपल्याच माणसांचे हात होते. औंधच्या आय.टी.आय.मधून शिकून गॅरेजात आणि कारखान्यात गेलेली मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. ज्यांनी गाडी घडवली आणि जे ती रोज दुरुस्त करतात, त्यांच्या मुलांना ती चालवण्याची हौस असू नये काय? हौस जरूर असावी. मात्र ती कुठे करावी आणि कोणत्या क्रमाने करावी, हे समजून घेतले पाहिजे.

रस्ता वेगळा, ट्रॅक वेगळा

ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेल्या दिवशी, फी भरून, हौशी माणसे आपापली गाडी बंदिस्त ट्रॅकवर नेतात. ठरावीक मिनिटांच्या पाळ्या असतात. समोरून ट्रक येत नाही, आडवे गुरू येत नाही, शाळेतून सुटलेली पोरे रस्ता ओलांडत नाहीत. कडेला झेंडे घेऊन मार्शल उभे असतात आणि रुग्णवाहिका तयार असते. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. आपण आपल्याच मागच्या फेरीशी तुलना करायची.

असे ट्रॅक आपल्या देशात मोजकेच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासूनचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. उत्तर प्रदेशात गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात २०११ साली उभारलेला पाच किलोमीटरहून मोठा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. आपल्या शेजारी मावळात तळेगावजवळ नानोलीलाही आता ट्रॅक झाला आहे. खुद्द मुळशी तालुक्यात अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात 'व्हॅली रन' या सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या. त्यांत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर कापायचे असे. त्या पाहून आपल्या भागातल्या पुष्कळ मुलांच्या डोक्यात हे वेड शिरले.

वेड शिरले ते शिरले. पण ट्रॅक लांब आणि ताम्हिणी घाट जवळ, म्हणून काही मुले रविवारी पहाटे घाटातच गाड्या पळवतात. त्यांना स्पष्ट सांगतो. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि कायद्याचे राहू द्या. घाटातल्या वळणापलीकडून येणाऱ्या मोटारसायकलवर कोणाचा तरी बाप कामावरून घरी येत असतो.

आधी थांबणे, मग धावणे

आता गाडीकडे वळू. आपल्या भागातल्या एका तरुणाचे उदाहरण घेतो. पिरंगुटच्या कंपनीत कामाला असलेल्या या मुलाने २००४ सालची मारुती एस्टीम घेतली. निवड चांगली होती. १,२९८ सी.सी.चे इंजिन, वजनाला हलकी आणि मिस्त्री लोकांच्या पूर्ण ओळखीची गाडी. एस्टीम १९९४ साली आली आणि २००७ मध्ये बंद झाली. आपल्या देशातल्या ट्रॅकवर शर्यतीसाठी ती वर्षानुवर्षे वापरली गेली.

दिवाळीचा बोनस हातात आल्यावर याचा बेत ठरला : मोठी अलॉय व्हील्स, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि मागे स्पॉयलर. मिस्त्रीने त्याला काही न बोलता पुढचे चाक काढून दाखवले. ब्रेकच्या रबरी होजला बारीक भेगा पडल्या होत्या. टाकीतले ब्रेक ऑईल कोऱ्या चहासारखे काळे झाले होते. पॅड संपत आले होते. मिस्त्री म्हणाला, "गाडी पळते इंजिनाने, पण घरी येते ब्रेकने. बोनस कुठे घालायचा ते तू ठरव."

यामागचा हिशेब समजून घेऊ. माणसासकट एक हजार किलोची गाडी ताशी १२० वरून ६० वर आणली, तर तिच्यातली सुमारे ४१७ किलोज्यूल शक्ती बाहेर पडते. त्यातली बहुतेक उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरते. घरच्या भाषेत सांगायचे तर एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाण्याला सहज उकळी फुटेल. एका ब्रेकला सव्वा लिटर चहाचे आधण! ट्रॅकवर अशी वळणे प्रत्येक फेरीत तीन-चार येतात आणि फेऱ्या थांबत नाहीत. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते, हेही लक्षात ठेवा.

ही उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑईलचा स्वभाव असा की ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते. आणि मुळशीचा पाऊस तर आपल्याला माहीत आहेच. नवे डॉट-३ ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शिरला की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑईल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. डब्यातून नुकतेच काढलेले चांगले डॉट-४ ऑईल घालून जुने पूर्ण बाहेर काढणे, हे ट्रॅकच्या तयारीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम आहे. एरवीही दर दोन वर्षांनी ते बदलावे.

खर्चाचा क्रम

तयारी पुढील क्रमाने करावी.

पहिले, ब्रेक. ऑईल, होज, पुढचे पॅड आणि डिस्क, मागचे लायनर आणि व्हील सिलिंडर. पॅड नेहमीपेक्षा जास्त उष्णता सोसणारे घ्यावेत.

दुसरे, टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होते आणि पकड जाते. हवा टायर थंड असताना मोजावी आणि पाळी संपताच पुन्हा मोजावी, कारण तापल्यावर दाब वाढतो.

तिसरे, खालचे काम. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, चाकांची बेअरिंग आणि शॉकअप. वीस वर्षांच्या गाडीतले रबर म्हणजे वाळलेली भाकरी. ते नवे घातले की इंजिनला हात न लावताही गाडी वळणात सरळ वागू लागते.

चौथे, पाणी आणि तेल. रेडिएटर साफ, होज नवे, कूलंट योग्य प्रमाणात, पंखा वेळेवर सुरू होतो का ते पाहणे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदललाच नाही असे धरून चालावे. ट्रॅकवर तो तुटला की गाडी जागेवर बंद पडते. इंजिन ऑईल नवे आणि वरच्या खुणेपर्यंत असावे. लांब वळणात तेल चेंबरच्या एका कडेला सरकते. पातळी कमी असेल तर पंप कोरडा पडतो आणि इंजिनाचे मोठे काम निघते.

पाचवे, माणूस. चांगले हेल्मेट, सुती कपडे, पातळ तळाचे बूट. सीटचे बोल्ट घट्ट आणि पट्टा धड. गाडीतला जॅक, स्टेपनी, पाण्याची बाटली, सगळे बाहेर.

एवढे झाल्यावरच इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार करावा. खरे सांगायचे तर बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही. नुसता फिल्टर आणि सायलेन्सर बदलून आवाज भरपूर वाढतो, ताकद नाममात्र वाढते. सुटे भाग नाना पेठेतून घेताना पक्के बिल मागा आणि खोक्यावरचे होलोग्राम पाहा. ब्रेकचा नकली भाग स्वस्त कधीच नसतो.

या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. पॅड, ऑईल, बुश, योग्य मापाचे टायर ही सारी देखभाल झाली. त्यात कायद्याची अडचण नाही. मात्र कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे फेरफार करायला कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निकाल दिला आहे. कर्कश सायलेन्सर लावून चांदणी चौकातून निघाल्यास कलम १९० (२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

वहीत काय लिहावे

शंभर पानी वही घ्या आणि तीन भाग करा : सुरक्षा, देखभाल, हौस. पहिल्या दोन भागांतली कामे पूर्ण झाल्याशिवाय तिसऱ्या भागात एक रुपयाही लिहायचा नाही. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, किलोमीटर, भाग, किंमत आणि बिल क्रमांक. ट्रॅकवरून आल्यावर पॅड किती झिजले, तेल किती कमी झाले, तेही लिहावे. सहा महिन्यांत ही वही तुम्हाला मिस्त्रीइतके शिकवेल.

सरकारी खर्चही त्यात धरा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण होते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती दहा हजार करण्यात आली. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

विम्याबाबत गैरसमज नको. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर पत्रा चेपला तर तो खर्च आपला. म्हणून माझा नियम साधा आहे : जी गाडी उद्या भंगारात घालावी लागली तरी घरची चूल थंड होणार नाही, तीच ट्रॅकवर न्यावी. पी.एफ. काढून नाही, सोसायटीचे कर्ज काढून नाही, आणि आईच्या किंवा बायकोच्या दागिन्याला हात लावून तर मुळीच नाही. चार मित्रांनी मिळून एक गाडी ठेवली तर खर्चही वाटला जातो आणि कामही.

आई-वडिलांनाही एक विनंती. ही आवड फक्त मुलांची समजू नका. पुण्याच्या डायना पुंडोले या शिक्षिका आणि दोन मुलांच्या आई आहेत. २०२४ साली त्यांनी राष्ट्रीय मोटार शर्यत स्पर्धेत सलून गटाचे विजेतेपद मिळवले. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. शिवाय चालवणाऱ्या प्रत्येक माणसामागे पॅड बदलणारे, वेळ मोजणारे, टायर पाहणारे चार-पाच कुशल हात लागतात. आपली आय.टी.आय. झालेली मुले-मुली तिथे पगारी काम मिळवू शकतात.

पिरंगुटच्या त्या तरुणाने शेवटी बोनस ब्रेक, टायर आणि बुशवर खर्च केला. बाहेरून पाहणाऱ्याला गाडीत काहीच फरक दिसत नाही. तो तळेगावच्या बाजूला ट्रॅकवर गेला. शेवटची फेरी सावकाश मारून त्याने ब्रेक थंड होऊ दिले. गाडी उभी केल्यावर मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढला नाही. गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावला. संध्याकाळी तीच गाडी चालवत तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर झाला. आता घाटात जात नाही. म्हणतो, तिथे मजा येत नाही.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी, ट्रॅकवर जायचे असो वा नसो, येत्या रविवारी एवढे तरी करावे : टायरवरचे चार आकडे वाचावेत, ब्रेक ऑईलचा रंग पाहावा आणि दोन्ही वहीत लिहावे. पुढील अंकी घरपट्टीच्या पावत्यांविषयी.