४५ डिग्रीतला प्रोसेसर

मे-जून महिन्यात आमच्याकडे दोन गोष्टी हमखास वाढतात. एक ऊन, आणि दुसरे नातेवाइकांचे फोन. प्रत्येक गोतावळ्यात "त्याला कॉम्प्युटरातलं कळते" असा एक माणूस असतो. आमच्याकडे हे मानाचं पद गेली वीस-बावीस वर्षं माझ्याकडे आहे. (मानधन नाही, चहा मिळतो.) पूर्वी लोक विचारायचे, "पेंटियम घ्यावा की सेलेरॉन?" आता सुट्टी लागलेली पोरं विचारतात, "गेमिंगसाठी कोणता प्रोसेसर?" खरं म्हणजे ती विचारत नाहीत, सांगतात. तीन महिने व्हिडिओ पाहून त्यांचं आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त त्यांच्या बापासमोर मान डोलवायची!

यंदा भाच्याचा नंबर होता. "मामा, रायझन ९८००एक्स-थ्री-डी फायनल करून राहिलो. चार्टमध्ये सगळ्यात वर आहे तो." आता, तो चार्टमध्ये वर आहे हे अगदी खरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आला तेव्हा गेमिंगच्या बाबतीत सगळ्यांनी त्याच्यापुढे हात टेकले. पण तो चार्ट वणीत बनलेला नाही, आणि भाऊजींच्या खात्यातले पैसे पाहूनही बनलेला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. आमच्यासारख्या गावात गेमिंगचा प्रोसेसर निवडताना सगळ्यात वेगवान कोणता हे पाहू नये. आपला खेळ, आपलं ऊन आणि आपला खिसा या तिन्हीला पुरून उरेल असा पाहावा. आणि ट्यूनिंग करायचंच असेल तर ते आजच्या काळात ताणण्याचं नाही, आवरण्याचं करावं.

आता 'आवरणं' हा शब्द ऐकून आमच्या वयाच्या मंडळींना हसू येईल, कारण आमच्या वेळी ट्यूनिंग म्हणजे ताणणंच होतं. १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवतोय का? ३०० मेगाहर्ट्झची स्वस्तातली चिप. तिची बस ६६ वरून १०० वर नेली की ती ४५० वर धावायची, आणि तेव्हाच्या सर्वांत महागड्या पेंटियम-टूच्या खांद्याला खांदा लावायची. २००० च्या आसपास एएमडीच्या ड्युरॉनवरच्या बारीक तुटक रेषा लोक चक्क शिसपेन्सिलीने जोडायचे आणि त्याचा मल्टिप्लायर मोकळा करून घ्यायचे! हे जमायचं, कारण कंपन्या चिपमध्ये बरीच ताकद शिल्लक ठेवून विकायच्या. चांगल्या निघालेल्या चिपाही बाजाराची गरज म्हणून कमी आकड्याचा शिक्का मारून बाहेर पडायच्या. ती शिल्लक काढून घेणं म्हणजे आमचं ओव्हरक्लॉकिंग.

आता ती शिल्लक कंपन्या स्वतःच वापरून टाकतात. चिप कारखान्यातूनच ताणलेली येते. इंटेलचा आय-नाइन १४९००के बघा. कमाल वेग ६ गिगाहर्ट्झ, आणि कंपनीनेच दिलेली जास्तीत जास्त वीज २५३ वॉट. एवढं ताणल्याचं काय होतं तेही दिसलं. तेराव्या-चौदाव्या पिढीतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले, गेम मध्येच बंद पडायला लागले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं की चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. मग ऑगस्ट-सप्टेंबरात मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ज्या चिपा आधीच बिघडल्या होत्या त्या दुरुस्तीने परत बऱ्या झाल्या नाहीत. मग अशा चिपेला आपण घरी आणखी काय ताणणार, सांगा!

आता चार्टाकडे वळू. प्रोसेसरची तुलना करणारे लोक लबाडी करतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते बाजारातलं सगळ्यात तगडं ग्राफिक कार्ड लावतात आणि खेळ मुद्दाम १०८० वर चालवतात. कारण ग्राफिक कार्ड कमी पडलं तर सगळे प्रोसेसर सारखेच दिसतील, फरक कळणारच नाही. मापायची पद्धत म्हणून हे बरोबरच आहे. फक्त ते घरी जसंच्या तसं घडत नाही, कारण आपल्याकडे ते कार्ड नसतं. मध्यम कार्डावर जड गेम लावला की आधी दम सुटतो तो कार्डाचा, आणि मग पन्नास हजारांचा प्रोसेसर असो की दहाचा, दोघंही त्याची वाट पाहत बसतात. शंकरपटातली जोडी बघायला आम्ही सगळेच जातो, शिट्ट्याही मारतो. पण ती बघून वखरणीचे बैल कोणी घेत नाही.

दुसरं, नुसत्या आकड्यांचा मोह. २००४ मध्ये पेंटियम-फोर ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला होता, आणि त्याहून कितीतरी कमी वेगाचा अ‍ॅथलॉन ६४ गेममध्ये त्याला पाणी पाजायचा. तोच धडा एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा मिळाला. रायझन ७ ५८००एक्स-थ्री-डीचा कमाल वेग त्याच्याच भावापेक्षा, म्हणजे साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, ४.७ च्या जागी ४.५. तरी गेममध्ये तो बराच पुढे, कारण त्याच्याजवळ ३२ ऐवजी ९६ मेगाबाइटची एल-थ्री कॅशे. ज्यांना हे तांत्रिक वाटतं त्यांच्यासाठी (ताई, हे तुझ्यासाठी!) : स्वयंपाक करणारी कितीही चटपटीत असली तरी दर फोडणीला मोहरी आणायला माळ्यावर चढावं लागत असेल तर जेवणाला उशीरच. कॅशे म्हणजे हाताशी असलेला मिसळणाचा डबा. तो मोठा असला की माळ्याच्या खेपा वाचतात.

आणि इंटेल-एएमडी या दोन पक्षांत पोरं जी भांडतात, त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. ज्यांना पेंटियमचे जनक म्हणतात ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. तेच पुढे इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने घेतली, आणि १९९७ चा एएमडीचा के-सिक्स त्याच वाटेने आला. बनवणारा माणूस दोन्हीकडे काम करून मोकळा झाला. आपण कशाला डोकी फोडायची?

असो. आता उन्हाबद्दल. चाचणी होते ती २१-२२ अंशांच्या खोलीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, शेजारचं चंद्रपूर तर उन्हाच्या बातम्यांत कायमचंच. कुलर चालू असला तरी दुपारी खोली ३३-३४ च्या खाली येत नाही, आणि वीज गेली की विचारूच नका. एअर-कूलर खोलीच्या हवेपेक्षा चिप थंड करू शकत नाही. त्यामुळे खोली १२ अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तेवढीच वर चढते. चाचणीत ७८ दाखवणारा प्रोसेसर आमच्याकडे नव्वदीला टेकतो. रायझन ७०००च्या काही चिपा तर पूर्ण जोरात ९५ अंशांवर जाऊन तिथेच राहायच्या अशा हिशेबानेच बनवल्यात. चिप लगेच जळत नाही, ती वेग कमी करून स्वतःला सांभाळते. पण मग ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच उन्हाळाभर मिळत नाही!

वर आमची खास काळी धूळ. खाणी चहूबाजूंनी, कोळशाचे ट्रक दिवसरात्र. पांढरा शर्ट संध्याकाळी कसा दिसतो ते वणीकराला सांगायला नको. ती धूळ आणि कुलरची ओली हवा एकत्र आली की पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटीत गाळ बसतो. म्हणून कुलरचा झोत कॅबिनेटवर कधीही सोडू नका, खोली थंड करू द्या फक्त. आणि कॅबिनेट फिल्टरवालं घ्या, हवा आत ढकलणारे पंखे बाहेर काढणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडते.

आवरणं कसं करायचं? पहिलं म्हणजे रॅम. एकाऐवजी दोन पट्ट्या लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा. यात ताण काही नाही, विकत घेतलेलाच वेग मिळतो, आणि किती घरी हे बंदच असतं! दुसरं, विजेची मर्यादा. रायझनच्या १०५ वॉटवाल्या चिपेला इको मोडमध्ये ६५ वर आणलं की ती प्रत्यक्षात ओढत असलेली वीज १४२ वॉटवरून ८८ वर येते. गेममध्ये फ्रेम फारशा कमी होत नाहीत, कारण गेम सगळे कोअर एकदम पूर्ण जोरात क्वचितच वापरतो. तिसरं, व्होल्टेज. चिपेची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी केलं तर खर्च १९ टक्क्यांनी उतरतो. रायझनमध्ये यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. एकदम खाली उडी न मारता पाच-पाच पायऱ्या उतरा, दर पायरीवर दोन-चार दिवस खेळा, मशीन एकदा जरी अडखळली तरी एक पायरी परत चढा. आणि हे मे महिन्यात तपासा. जानेवारीत तर सगळंच स्थिर असतं!

चौथं, फ्रेमना लगाम. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर ३०० फ्रेम काढून काय करायचं? प्रत्येक फ्रेमला सुमारे ७ मिलिसेकंद मिळतात. खेळ गुळगुळीत वाटतो तो प्रत्येक फ्रेम वेळेवर आली तर, सरासरी मोठी आली म्हणून नाही. म्हणून चार्ट पाहायचाच असेल तर 'एक टक्का लो'चा आकडा आधी पाहा.

भाचा काही कच्चा गडी नाही. तो म्हणाला, "मामा, पण एक्स-थ्री-डी तर कमीच वीज खाते, तुमच्याच नियमात बसते ना." मुद्दा बिनतोड आहे. गेममध्ये या चिपा आय-नाइनपेक्षा खूपच कमी वीज घेतात, आणि ज्याला परवडते त्याने आमच्या उन्हातही डोळे झाकून घ्यावी. पण हा पठ्ठ्या खेळतो व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक टू, मध्यम कार्डावर, १४४ हर्ट्झवर. त्या १४४ साठी आय-फाइव्ह १२४००एफसारखा सहा कोअरचा, ६५ वॉटचा साधा प्रोसेसर भागवतो. बोर्ड आणि रॅम धरून दोघांतला फरक आमच्या हिशेबात तीस हजारांच्या वर गेला. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे चार क्विंटल कापूस, आणि त्यात पेरणी, फवारणी, वेचणीचा खर्च धरलेलाच नाही. चार क्विंटल कापूस देऊन मॉनिटरला दाखवताच न येणाऱ्या फ्रेम विकत घ्यायच्या, हे मला भाऊजींना समजावता येत नाही. कारण ते मलाच पटत नाही.

आणखी एक हिशेब आहे, तो बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आपल्या देशात एक युनिट वीज करायला औष्णिक केंद्रात ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा जळतो. प्रोसेसर आवरला, ग्राफिक कार्डाची मर्यादा थोडी खाली आणली, फ्रेमना लगाम घातला, की मिळून शंभर वॉट सहज वाचतात. रोज चार तास खेळणाऱ्याचे वर्षाला १४६ युनिट. कोळशात सांगायचं तर एक क्विंटल. पुण्या-मुंबईत हा नुसता आकडा आहे. आमच्याकडे वर्धा खोऱ्यातला तो कोळसा कुणाच्या तरी वावराखालून निघतो, घरावरून धूळ उडवत जातो आणि चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रात जळतो. आणि एवढं असूनही २००५ नंतरची कितीतरी वर्षं आपण भारनियमनात काढली, हे या पोरांना सांगून खरं वाटत नाही. एका पोराच्या क्विंटलभर कोळशाने खाण बंद पडणार नाही, मान्य. पण जो खड्डा आपल्या गावाला लागून आहे, त्यात आपली भर किती हे ठाऊक असावं.

तर भाच्याला मी सुचवलं ते असं. साधा सहा कोअरचा प्रोसेसर, त्यावर डब्यातला पंखा न लावता बरा टॉवर कूलर, चांगला १४४ हर्ट्झचा मॉनिटर, आणि यूपीएस. स्वस्तातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. आवरलेली मशीन त्यावर गेम सेव्ह करून बंद करण्याइतकी टिकते, ताणलेली वीज जाताच जागेवर झोपते. उरलेले पैसे भाऊजींकडे. भाचा अजून फुरंगटलेला आहे, ताईला मात्र यादी आवडली.

आणि राजेहो, मशीन कोणतीही घ्या, वर्षातून दोनदा उघडा. एकदा होळी झाली की, ऊन तापायच्या आत. दुसऱ्यांदा पोळ्याला. बैल धुऊन झाले की फिल्टरही धुवा, ब्रशने हीटसिंक मोकळा करा, थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा. पाच-सहा अंश तिथेच उतरतात, आणि खर्च येतो तो पेस्टच्या एका ट्यूबचा.